टेबल सॉचा ब्रेक चुकून सुटला तर? सॉस्टॉप आणि साधा सॉ, खर्चाच्या बाजूने

अमेरिकेत घर घेतलं, गराज मोकळं आहे आणि सुतारकामाची हौस आहे, अशा मराठी मंडळींचा टेबल सॉ (टेबलाच्या फटीतून वर आलेल्या गोल ब्लेडची विजेवरची करवत) घेताना एक प्रश्न ठरलेला असतो. सॉस्टॉप म्हणजे बोट लागताच ब्रेकने ब्लेड थांबवणारा सॉ. तो बोट वाचवतो हे सगळ्यांना पटलेलं असतं. अडतं ते पुढे. 'त्याचा ब्रेक म्हणे उगाचच सुटतो, आणि दरवेळी दोनशे डॉलरचा भुर्दंड बसतो.' हा भुर्दंड खरा आहे. पण तो कधी बसतो, किती बसतो आणि कोणाला परवडतो, हे न पाहता साधा सॉ घेणं मला पटत नाही.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. फिरत्या ब्लेडवर अगदी क्षीण विद्युत संकेत सोडलेला असतो. आपल्या शरीरातून वीज वाहते, त्यामुळे बोट लागताच तो संकेत घसरतो. त्याच क्षणी एक बारीक तार जळून तुटते, तिने रोखून धरलेली स्प्रिंग मोकळी होते आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडच्या दातांत घुसतो. 5 मिलिसेकंदांच्या आत ब्लेड थांबतं आणि त्याच झटक्यात टेबलाखाली जातं. ही कल्पना स्टीफन गॅस यांना 1999 मध्ये सुचली. ते भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेले पेटंट वकील. ऑरेगनमधल्या त्यांच्या कंपनीचे सॉ 2004 पासून बाजारात आले. प्रात्यक्षिकात ब्लेडला हॉट डॉग लावतात, पण गॅस यांनी स्वतःचं बोटही लावून दाखवलं आहे. या यंत्राला कळते ती फक्त वीजवाहकता. ती बोटाची आहे, ओल्या फळीची की ॲल्युमिनियमच्या पट्टीची, हा फरक त्याला करता येत नाही. चुकून ब्रेक सुटण्याचं मूळ इथेच आहे.

एकदा सुटला की किती जातात?

ठोकळा आणि त्याची इलेक्ट्रॉनिक्स ज्या डबीत असते ते कार्ट्रिज एकदाच वापरायचं असतं. नवं साधारण 100 डॉलरला पडतं आणि डॅडो सेटसाठी (लाकडात रुंद खाच पाडायला एकत्र लावायच्या ब्लेडचा संच) लागणारं वेगळं कार्ट्रिज त्याहून महाग असतं. ब्लेड ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतं आणि त्याचे कार्बाइडचे दात तुटतात. चाळीस-पन्नास डॉलरचं ब्लेड असेल तर ते सरळ फेकून द्यावं. दीडशेच्या पुढचं चांगलं ब्लेड असेल तर धार लावणाऱ्याकडे नेऊन पाहता येतं. तो तुटलेले दात बदलून देतो, पण पातं वाकलं नसेल तरच त्यात अर्थ आहे. म्हणजे एका साध्या घटनेचे दीडशे ते अडीचशे डॉलर धरा. डॅडो सेट लावलेला असताना ब्रेक सुटला तर सेटच शंभर ते तीनशेचा असतो, तिथे हिशेब चारशेपर्यंत सहज जातो.

सॉला स्वतःला मात्र सहसा काही होत नाही. मोटर, शाफ्ट, टेबल सगळं जागेवर राहतं. वीज बंद करायची, अडकलेलं ब्लेड आणि कार्ट्रिज एकत्रच बाहेर काढायचं, नवी जोडी बसवायची, ब्लेड आणि ठोकळा यांच्यातलं अंतर तपासायचं. हात बसला की अर्ध्या तासाच्या आतलं काम आहे. आणखी एक गोष्ट विकत घेणाऱ्यांना बऱ्याचदा ठाऊक नसते. ब्रेक खरोखर त्वचेच्या स्पर्शाने सुटला असेल, तर वापरलेलं कार्ट्रिज कंपनीकडे पाठवायचं. त्यात साठलेल्या नोंदीवरून खात्री पटली की कंपनी नवं कार्ट्रिज फुकट देते. म्हणून खरा खर्च उरतो तो चुकून सुटण्याचा.

चुकून सुटण्यात सगळ्यात टाळण्याजोगं कारण म्हणजे मायटर गेजची (आडव्या कापासाठी फळी धरून सरकवायचा आधार) धातूची बाजू किंवा फेन्स (सरळ कापासाठी फळी जिला टेकवून ढकलतात ती कडेची पट्टी) ब्लेडला टेकणं. यात लाकडाचा दोष नसतो, मांडणी न तपासता बटण दाबलेलं असतं. सॉ चालू करण्यापूर्वी ब्लेड हाताने एक पूर्ण फेरी फिरवा आणि मायटर गेज कापाच्या पूर्ण लांबीभर सरकवून बघा. दहा सेकंदांत दोनशे डॉलर वाचतात. मायटर गेजला लाकडी फळी जोडली तर आणखी बरं.

दुसरं कारण ओलं लाकूड, विशेषतः डेकसाठी (घराबाहेरचा लाकडी ओटा) मिळणारं औषध मुरवलेलं, लाकडाच्या यार्डातून ओलंच घरी आलेलं. मग ॲल्युमिनियम, आरशासारखा चकचकीत ॲक्रिलिक, फॉइल लावलेला इन्सुलेशनचा फोम. लाकडातला एखादा लहान खिळा किंवा स्टेपल बहुधा ब्रेक सोडवत नाही, पण तो तुमच्या हाताला किंवा टेबलाच्या धातूला टेकलेला असेल तर सोडवू शकतो.

शंका असेल तेव्हा किल्ली फिरवून ब्रेक बायपास करता येतो, म्हणजे तेवढ्यापुरता बंद ठेवता येतो. सॉ तेव्हा साध्या सॉसारखाच चालतो, आणि तो कापलेला माल ब्रेक सोडवणारा असेल तर लाल दिवा लुकलुकून ते सांगतो. शंकास्पद लाकडाचा एक तुकडा आधी असा कापून बघावा. बायपास फक्त त्या एका वेळेपुरता असतो, सॉ बंद करून पुन्हा चालू केला की संरक्षण परत येतं. ही रचना मला फार शहाणपणाची वाटते.

साधा सॉ समोर ठेवला तर

डीवॉल्टचा लोकप्रिय 10 इंची जॉबसाइट (उचलून कामाच्या जागी नेता येणारा) सॉ सहाशे डॉलरच्या आसपास मिळतो. सॉस्टॉपचा सगळ्यात छोटा, कॉम्पॅक्ट सॉ 2022 मध्ये 899 डॉलरला आला. मात्र त्यावर डॅडो सेट बसत नाही. त्याहून मोठा कॉन्ट्रॅक्टर सॉ दोन हजारांच्या घरात आणि एका जागी ठेवायचा वजनदार कॅबिनेट सॉ तीन हजारांपासून पुढे. म्हणजे त्या किमतीने लहान सॉमध्ये फरक तीनशेचा होतो, आणि वर्षा-दोन वर्षांत एखादा चुकीचा ब्रेक धरला तरी तो पाचशेच्या आसपास राहतो.

साध्या सॉवर मायटर गेज ब्लेडला घासला तर फार तर एखादा दात तुटतो. ओलं लाकूड, ॲल्युमिनियम, कशाचीच भीती नाही. इथे साधा सॉ सरस आहे, हे मान्यच करायला हवं. पण टेबल सॉच्या जखमा घेऊन अमेरिकेत दरवर्षी सुमारे 30,000 माणसं इमर्जन्सी रूममध्ये जातात, असा तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे. विमा असला तरी डिडक्टिबल (विम्याआधी आपण भरायची रक्कम) खिशातूनच भरावं लागतं, आणि बोटाच्या शस्त्रक्रियेसाठी ते कितीतरी कार्ट्रिजच्या पुढे जातं. हाताचं दुखणं वेगळंच.

किकबॅक मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. फळी उसळून छातीवर आली तर ब्रेक काही करत नाही. त्यासाठी रायव्हिंग नाइफ (ब्लेडमागची उभी पट्टी), गार्ड (ब्लेडवरचं झाकण) आणि पुश ब्लॉक (फळी ढकलायचा ठोकळा). सॉस्टॉप घेतला म्हणून गार्ड काढून ठेवणारे दिसतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

ब्लेड न मोडणारे पर्याय

खर्चाच्या बाजूने सर्वांत सुबक उत्तर बॉशने दिलं होतं. त्यांच्या रीॲक्स सॉमध्ये एअरबॅगसारखा गॅसचा स्फोट ब्लेडला खाली ढकलायचा. ब्लेड शाबूत राहायचं, आणि एका कार्ट्रिजमध्ये दोन वेळांचा दारूगोळा असायचा. सॉस्टॉपच्या पेटंटच्या दाव्यामुळे 2017 मध्ये अमेरिकेत त्याची विक्री थांबली. सेकंड हँड कुठे दिसला तरी त्याची कार्ट्रिज हातात असल्याशिवाय मी तो घ्यायला सांगणार नाही.

फेल्डर कंपनीच्या यंत्रणेत हात जवळ येताच ब्लेड विद्युतचुंबकाने खाली ढकललं जातं. बटण दाबलं की काम पुन्हा सुरू, बदलायचं काहीच नाही. आल्टनडॉर्फच्या सॉवर वरून कॅमेरे हातावर नजर ठेवतात. पण हे मोठे स्लायडिंग पॅनेल सॉ (सरकत्या टेबलावर मोठे बोर्ड कापणारे) आहेत. पुण्या-मुंबईकडे मॉड्युलर फर्निचरचा कारखाना चालवणाऱ्याने त्यांचा विचार जरूर करावा, गराजवाल्याच्या आवाक्यातलं हे काम नाही.

घरी सुकं लाकूड आणि प्लायवुड कापणाऱ्याने ब्रेकवालाच सॉ घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. डेक आणि कुंपणाची कामं मुख्य असतील तर ओलं लाकूड हातातल्या सर्क्युलर सॉने कापा. रोज तेच काम असेल आणि बायपासची किल्ली सतत फिरवावी लागणार असेल, तर ब्रेकचे पैसे फुकट जातात. अशांनी साधा सॉ घेऊन गार्ड कायम लावून ठेवावा.

ब्रेकवाला घेतलात तर पहिल्याच दिवशी एक जादा कार्ट्रिज आणि एक मध्यम किमतीचं ब्लेड आणून ठेवा. ब्रेक सुटला आणि जोडी घरात नसली, तर ती येईपर्यंत काम बंद. डॅडो सेट वापरणार असाल तर त्याचंही कार्ट्रिज सेटसोबतच मागवा.