घरची प्रार्थना की देवळातली भक्ती? ठरवायचं कसं

माझी भाची सातपूरच्या एका कारखान्यात लागली आणि पहिल्याच महिन्यात तिचा रविवार गेला. कंपनीची सुट्टी शनिवारी, पाळ्या तीन. रविवारी सकाळी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पहिलं गीत सुरू होतं तेव्हा ही मशीनवर उभी. तिनं मला विचारलं, "मावशी, मी रोज शास्त्र, आपलं बायबल, वाचते, येता-जाता मोबाइलवर संदेश ऐकते. देवळात गेले नाही तर माझा विश्वास कमी पडतो का?"

प्रश्न तिच्या एकटीचा नाही. नाशिकमध्ये नोकरीसाठी आलेली, शिकायला आलेली, गावाकडची मंडळी मागे सोडून आलेली कितीतरी मुलं हेच विचारतात. मी स्वतः तीन वर्षं देवळाबाहेर काढली आहेत आणि बाकीचं आयुष्य आत. त्यामुळे दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून बघते.

आधी शब्दाचं बघू. आपण 'चर्चला जाणं' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे इमारत येते. पण नव्या करारात जो ग्रीक शब्द आहे, एक्लेसिया, त्याचा अर्थ जमलेली सभा. आपल्या मराठी शास्त्रात त्यासाठी 'मंडळी' हा शब्द आहे. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना देवळं नव्हती. फिलेमोनाच्या घरी मंडळी जमायची, प्रिस्किल्ला आणि अक्विलाच्या घरी जमायची. म्हणून शरणपूरच्या किंवा त्र्यंबक रोडच्या कुठल्या इमारतीत पाऊल ठेवायचं हा मुद्दा दुसरा. पहिला मुद्दा, माणसांबरोबर जमायचं की एकट्यानं चालायचं.

तारणासाठी, म्हणजे पापातून सुटकेसाठी, देवळाची गरज आहे का?

इथे घरची बाजू वरचढ आहे, हे मी सरळ मान्य करते. वधस्तंभावरच्या चोराला ना बाप्तिस्मा मिळाला ना मंडळी, तरी त्याच दिवशी सुखलोकात असशील हे वचन मिळालं. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला कूशी, म्हणजे आफ्रिकेतला, अधिकारी रस्त्यातच बाप्तिस्मा घेऊन एकटा, आनंदानं आपल्या देशी निघून गेला. विश्वास धरायला हजेरीपट लागत नाही.

यावर तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या सिप्रियनाचं म्हणणं हमखास पुढे केलं जातं, की ज्याला मंडळी आई नाही त्याला देव बाप नाही. सिप्रियनानं हे लिहिलं ते छळानंतर मंडळीत फूट पडली होती, लोक वेगळी चूल मांडत होते, तेव्हा. खाटेवरच्या आजीला किंवा पाळीवर असलेल्या मुलीला ते लावणं मला पटत नाही.

तुम्ही कॅथलिक असाल तर मात्र तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे रविवारची मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, बंधनकारक आहे. आजारपण, तान्ह्या बाळाची काळजी अशा कारणांसाठी सूट मिळते, आणि शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची म्हणून धरली जाते. भाचीच्या पाळीतली एक कॅथलिक मुलगी अशी शनिवारी संध्याकाळी जाऊन येते, तिचा गुंता तिथेच सुटला. आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. सहा मंडळ्या १९७० मध्ये एक होऊन झालेली ही मंडळी. आमच्यात रविवार चुकला म्हणून पाप असा हिशेब मांडत नाहीत. त्यामुळे ठरवण्याचं ओझं आमच्यावर जास्त पडतं.

प्रार्थना आणि वचन

शांतता हवी असेल तर घर. खोलीत जा, दार लाव, असं प्रभूनंच सांगितलंय. देवळात पंख्यांचा आवाज, लहान मुलं, मागच्या बाकावरची कुजबुज, हे सगळं असतंच. माझी सगळ्यात खरी प्रार्थना पहाटे स्वयंपाकघरात झालेली आहे.

पण त्या तीन वर्षांत एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. मी तीच तीच स्तोत्रं वाचत होते. जी मला धीर देतात ती. मला रागावणारं, माझं चुकतंय असं सांगणारं पान मी कधी उघडलंच नाही, आणि उघडलंच नाही हे मला सांगणारंही कोणी नव्हतं. देवळात त्या रविवारचे पाठ ठरलेले असतात. शत्रूवर प्रीती करा हा पाठ नेमका भांडणाच्या आठवड्यात येतो आणि समोरच्या बाकावर तोच माणूस बसलेला असतो. मोबाइलवरचा संदेश मी बोट लावून पुढे ढकलू शकते.

गाण्याचं तसंच. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक घरी आहेच, पण एकटीनं दुसऱ्या कडव्याच्या पुढे मी क्वचितच गेले. शंभर गळे असले की माझा बसलेला गळाही शेवटपर्यंत जातो.

प्रभुभोजन

येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या या विधीला घरी पर्याय नाही. सॅल्व्हेशन आर्मीसारखे काही ख्रिस्ती हे विधी पाळत नाहीत, आणि त्यांच्या विश्वासाला कमी म्हणण्याची माझी छाती नाही. पण ज्यांच्या परंपरेत भाकर मोडली जाते त्यांच्यासाठी ती कोणाच्या तरी हातून घ्यावी लागते. २०२० मध्ये देवळं बंद झाली तेव्हा आम्ही पडद्यासमोर बसून उपासना ऐकली. ऐकणं जमलं. प्रभुभोजनाच्या रविवारी मात्र घरात सगळे गप्प बसायचे. त्या वर्षी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली, तेव्हा काय नव्हतं ते कळलं.

ज्याला येणं शक्य नाही त्याचा विचार मात्र फार जुना आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन नावाच्या लेखकानं रविवारच्या सभेचं वर्णन केलंय. त्यात जे हजर नसतील त्यांचा वाटा सेवक घरी नेऊन देत, आणि जमलेलं दान अनाथ, विधवा, आजारी यांच्यासाठी ठेवलं जाई. आजही पाळकसाहेब अंथरुणावरच्या माणसाकडे जातात ते याच वाटेनं. मात्र गैरहजर कोण हे कळायला आधी तुम्ही कोणाला तरी माहीत असावे लागता.

आजारपण आणि मरण

इथे मी जास्त बोलणार आहे, कारण माझं मत इथेच फिरलं.

मी देवळात जाणं सोडलं ते कमिटीच्या निवडणुकीतल्या भांडणावरून. आमच्या घरावर नको ते आरोप झाले आणि ज्यांनी बोलायला हवं होतं ते गप्प राहिले. मी थांबले. पाच महिने कोणी विचारायला आलं नाही, हे मी आजही विसरलेले नाही. आई मात्र जातच होती, पंख्याखालच्या दुसऱ्या बाकावर. मग एकदा तिला ताप आला. लागोपाठ दोन रविवार तिची जागा रिकामी दिसली आणि सोमवारी सकाळी दोघी बायका दारात. "सलाम, आई कुठंय?"

एकाच मंडळीत मी पाच महिने कोणाला दिसले नाही आणि आई पंधरा दिवसांत दिसली. मी खूप विचार केला की असं का. आई गुरुवारच्या कॉटेज मीटिंगला जायची. आठ-दहा बायका, आज हिच्या घरी, पुढच्या आठवड्यात तिच्या. कोणाच्या सुनेचं काय, कोणाच्या मुलाची नोकरी गेली, सगळं त्या प्रार्थनेत यायचं. मी वीस वर्षं फक्त रविवारी जाऊन शेवटच्या गीतानंतर गाडी काढत होते. देवळात जाणारी आम्ही दोघी, पण मंडळीत ती एकटीच होती.

पुढच्या वर्षी आई गेली. निरोप मी दोघींनाच दिला होता. पहाटे सहाला त्या चहाचे थर्मास घेऊन आल्या, तिला आवडणारी गीतं गायल्या, कबरस्तानातली सगळी धावपळ त्यांच्या मुलांनी केली. आमच्यावर आरोप करणारे एक गृहस्थ मातीला आले होते. ते माझ्याशी बोलले नाहीत, मीही नाही, पण त्यांनी माती टाकली.

शरणपूरचा एक जुना माणूस मला त्या दिवसांत फार आठवायचा. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीनं वसवलेल्या त्या वस्तीत, गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही शिकली. त्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आतल्या भागात मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा तिथे ना देऊळ होतं ना पाळक. त्यांचं हृदय झाडाखाली पुरताना दफनविधीच्या प्रार्थना वाचल्या त्या वेनराइटनं. हे उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक घेऊ शकतात. देवळाशिवाय विश्वास उभा राहिला, हे खरंच. पण त्या रानात वाचायचे शब्द त्याच्याजवळ होते, ते कुठल्या तरी बाकावर इतरांबरोबर बसून मिळालेले होते.

दुखावलेल्यांसाठी

जिथे तुमच्यावर किंवा तुमच्या मुलांवर अत्याचार झाला, जिथे पैशाची किंवा शरीराची लूट झाली, तिथे परत जा असं कोणीही सांगू नये. तिथून निघणं हा अविश्वास नाही. माझं दुखणं त्या जातीचं नव्हतं. मला राग आला होता, आणि एकटीनं तो राग मी तीन वर्षं जपला. या दोन्हींत फरक करणं अवघड असतं, पण ठरवण्याआधी तो करायलाच हवा.

घरातली लहान मंडळी

मोठ्या देवळात हरवायला होतं आणि एकट्यानं चालवत नाही, अशांसाठी आता सिडको, इंदिरानगर, नाशिक रोड सगळीकडे घरगुती संगती आहेत. पहिल्या शतकाशी याच जास्त जुळतात. धोका एकच पण मोठा: चालवणाऱ्या माणसाला कोण जाब विचारणार? अर्पणाचा हिशेब कोण बघणार? हे दोन प्रश्न पहिल्याच महिन्यात विचारा. ते विचारल्याचा राग येत असेल तर तिथे थांबू नका.

संस्थेशी न पटणारा माणूस काय करतो याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर नाशिकजवळचं जलालपूर, म्हणून टिळक आम्हाला घरच्यासारखेच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली. सोडून ते एकटे राहिले नाहीत. त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात असावेत ही त्यांची कल्पना होती. घरच्यांना न दुखवता, मनातल्या मनात येशूला मानणाऱ्या बायका मला आजही भेटतात. त्यांना रविवारी देवळात या असं मी सांगत नाही. एक मैत्रीण, एक स्तोत्र, महिन्यातून एक दुपार, एवढं धरा म्हणते. दोघं किंवा तिघं माझ्या नावानं जमले तिथे मी आहे, हे वचन त्यांच्यासाठी पुरेसं आहे.

लहान मुलं घरात असतील तर निवड सोपी आहे. संडे स्कूल आणि नाताळची नाटुकली घरी होत नाहीत, आणि आपला विश्वास फक्त आई-बापांचा नाही हे मुलांना दुसरीकडेच दिसतं.

भाचीचं आम्ही असं ठरवलं. पहिली पाळी असेल त्या आठवड्यात ती गुरुवारी संध्याकाळी इंदिरानगरच्या मीटिंगला जाते. महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या रविवारी, पाळी बदलून घेते. बाकी दिवस तिचं शास्त्र आणि तिची खोली. मी तिचं पाळीचं वेळापत्रक त्या दोघी बायकांच्या हातात दिलंय. गेल्या गुरुवारी ती आली नाही, तर साडेआठला तिला फोन गेला होता.