बी १२ तपासायचंय? घरपोच पॅकेज की कोपऱ्यावरची लॅब

घर शाकाहारी, त्यात आईला कित्येक वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू; दोन्हींमुळे बी १२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं, त्यामुळे त्यावर लक्ष ठेवावंच लागतं. दोन्हीकडे तपासून झालंय.

घरपोच पॅकेजची सोय मोठी आहे. सकाळी रक्त घ्यायला लॅबचा मुलगा दारात येतो, आईला उपाशीपोटी जिना उतरावा लागत नाही. नुसतं डी जीवनसत्त्व बघायचं असेल तर मी आजही घरीच बोलावेन; तो नमुना प्रवासात सहसा बिघडत नाही.

बी १२ चा आकडा (pg/mL मध्ये) २०० च्या खाली आला तर कमतरता नक्की, प्रश्नच मिटतो. पंचाईत होते ती २०० ते ३०० मध्ये, आणि कमतरता वेळेत पकडायची तर ती इथेच. हिमोग्लोबिन घसरेपर्यंत, तळपायांना मुंग्या येईपर्यंत कशाला थांबायचं? अशा वेळी डॉक्टर रक्तातल्या होमोसिस्टीन या अमिनो आम्लाची तपासणी करायला सांगतात. बी १२ किंवा फॉलिक अ‍ॅसिड कमी पडलं की ते रक्तात वाढतं. पण रक्त काढल्यावरही लाल पेशी ते ट्यूबमध्ये सोडतच राहतात. म्हणून ट्यूब लगेच बर्फात ठेवून तासाभरात प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग, वेगळा करावा लागतो.

आईची ट्यूब मुलाच्या पिशवीत गेली आणि तो पुढच्या घरी निघाला. रिपोर्टमध्ये होमोसिस्टीन वाढलेलं. ते आईच्या रक्तातच जास्त होतं की वाटेत वाढलं? फोन केला तर "सर, रिपोर्ट व्हेरिफाइड आहे" एवढंच. प्लाझ्मा किती वाजता वेगळा केला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. माझं मन तिथेच उडालं.

कोपऱ्यावरच्या लॅबमधल्या ताईंनी सुई टोचण्याआधी विचारलं, "आजी, बी १२ ची गोळी चालू आहे का? केसांसाठी बायोटिन वगैरे?" बायोटिनमुळे काही मशीनवर आकडे चुकतात, हे मला तेव्हा कळलं. ट्यूब थेट बर्फाच्या डब्यात, प्लाझ्मा वेगळा करणारं सेंट्रिफ्यूज मशीन पलीकडच्या खोलीत. या वेळी होमोसिस्टीन १५ च्या आत आलं. डॉक्टरांनी इंजेक्शनं न देता गोळीच सुरू केली.

पॅकेजवाले सगळेच असे नसतील, आणि प्रत्येक गल्लीतली लॅबही इतकी काळजी घेईलच असं नाही. जाण्याआधी फोन करून एवढंच विचारा: "होमोसिस्टीन इथेच लावता का? बाहेर पाठवत असाल तर प्लाझ्मा आधी वेगळा करता ना?"