खाडीतला गाळ कुठून येतो: जिवाणू वापरावेत की जुने ट्रेसर?

खाडीच्या मुखाशी गाळ भरतोय, ड्रेजिंग (गाळ उपसणं) केलं की पुढच्या पावसाळ्यात परत तेवढाच, आणि तो नदीतून उतरतोय की भरतीबरोबर बाहेरून आत येतोय की वरच्या अंगाचं कांदळवन धुपतंय ते शोधायचंय, असं कुणी विचारलं की हल्ली पटकन उत्तर मिळतं, गाळातल्या जिवाणूंचा डीएनए करून घ्या. मला हे तंत्र मनापासून आवडतं, पण त्याआधी एक ठरवा, तुम्हाला गाळ कुठून आला हे हवंय की किती आणि किती वेगाने सरकतोय हे हवंय? जिवाणू वापरायचे की ट्रेसर, म्हणजे गाळाचा माग काढायची खूण, याचा अर्धा निर्णय इथेच होतो.

"कुठून" साठी जिवाणू खरंच भारी आहेत. चिखलाच्या एका ग्रॅममध्ये सहज दहा कोटींच्या वर जिवाणू असतात, बहुतेक कणांना चिकटलेले, आणि गोड्या पाण्यातला, कांदळवनातला, नाल्याच्या तोंडाचा, बाहेरच्या समुद्रातला असा प्रत्येक चिखल वेगळी वस्ती पाळतो कारण खारटपणा, ऑक्सिजन, कुजणारा माल सगळंच वेगळं. १६एस या, जिवाणू ओळखायला वापरतात त्या जनुकाचा एक तुकडा वाचायचा, कोण किती आहे त्याची यादी काढायची, मग २०११ चा सोर्सट्रॅकर किंवा २०१९ चा फीस्ट असं सॉफ्टवेअर सांगतं की या नमुन्यात कुठल्या सोर्सचा साधारण किती वाटा आहे, आणि कशातच न बसणारं "अज्ञात" मध्ये टाकतं. हा अज्ञातचा आकडा रिपोर्टमध्ये लपवू नका, तो मोठा असेल तर तुमचा एखादा सोर्स घ्यायचाच राहिलाय. पाण्यात काही सोडावं लागत नाही, चार-पाच सोर्स एकदम तपासता येतात, हा मोठा फायदा.

पण नमुना घेतानाच खेळ बिघडतो. ग्रॅब (तळाचा गाळ उचलणारा जबडा) वर आला की नीट बघा, वरचा काही मिलिमीटरचा थर तपकिरी आणि मऊ, त्याच्या खाली लगेच काळा चिखल, त्याला सडक्या अंड्याचा वास. तो वास सल्फेटवर जगणाऱ्या, ऑक्सिजन नको असलेल्या जिवाणूंमुळे येतो, म्हणजे एकाच ग्रॅबमध्ये दोन वेगळ्या वस्त्या आहेत. दोन्ही ढवळून एका ट्यूबमध्ये भरलं की ओळखच पुसली. वरचा थर स्वच्छ चमच्याने वेगळा काढा, लगेच बर्फात ठेवा, लॅबमध्ये उणे ८० ला. आणि रिकामी ट्यूबसुद्धा डीएनए काढण्यापासून सिक्वेन्सिंगपर्यंत (डीएनए वाचण्यापर्यंत) पूर्ण न्या, नाहीतर डीएनए काढायच्या किटमधलेच जिवाणू खाडीतले म्हणून छापले जातील.

दुसरी गोष्ट फार कमी लोक सांगतात. रेतीच्या कणांवर जिवाणू कमी, बारीक चिखलावर कितीतरी जास्त, त्यामुळे नमुन्यात वजनाने रेती जास्त असली तरी डीएनएमध्ये चिखलच बोलतो. म्हणजे सॉफ्टवेअरचा "६० टक्के कांदळवन" हा जिवाणूंचा वाटा आहे, टनांचा नाही. त्यात जिवाणू मरतात, वाढतात, काळा चिखल उधाणात ढवळून ऑक्सिजनच्या पाण्यात आला की वस्ती बदलायला लागते, आणि मेलेल्यांचा डीएनए मात्र काही काळ राहतोच. त्यामुळे माझ्या मते हे तंत्र एखादं उधाण, एखादा पूर, ड्रेजिंगनंतरचे थोडे दिवस अशा छोट्या काळासाठी, वर्षांचा हिशोब त्यावर मांडू नका.

किती आणि किती वेगाने, हे हवं असेल तर मुद्दाम पाण्यात सोडलेला ट्रेसरच. रेतीसाठी चकाकणारा रंग लावलेले कण सोडायचे, मग ठिकठिकाणचे नमुने घेऊन अल्ट्राव्हायोलेट लाइटखाली मोजायचे, कटकटीचं आहे पण दिशा आणि वेग हाती लागतो. आपल्याकडे मुंबई बंदरात ड्रेजिंगचा गाळ कुठे टाकावा यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने स्कँडियम-४६ हे किरणोत्सारी द्रव्य वापरून अभ्यास केलेत, अर्धायुष्य (ते निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे ८४ दिवस, म्हणजे काही महिने माग काढता येतो. पण परवानग्या, सुरक्षा, तज्ज्ञ माणसं हे सगळं लागतं, कॉलेजच्या प्रोजेक्टला ते जमणारं नाही.

मागच्या काही दशकांत गाळ किती वेगाने साचला ते बघायचं तर कोअर (तळातून काढलेला गाळाचा उभा नमुना) काढून त्यात शिसं-२१० हे किरणोत्सारी शिसं मोजा, अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं. तसंच किरणोत्सारी सिझियम-१३७ आपल्या पट्ट्यात बऱ्याचदा इतकं कमी सापडतं की नुसत्या त्याच्यावर विसंबू नका. ताज्या पावसाबरोबर आलेला गाळ ओळखायला बेरिलियम-७ छान, पण त्याचं अर्धायुष्य ५३ दिवस, मोजायला उशीर केला की गेलं.

आणि कधी कधी यातलं काहीच लागत नाही. गोव्यात मांडवी-जुवारीत लोखंडाच्या खनिजाची धूळ उतरलीय, तिथे गाळाची चुंबकीय संवेदनशीलता (चुंबकाला तो किती दाद देतो) मोजली तर खाणीकडचा माल ओळखायला चांगली मदत होते, आणि खर्च सिक्वेन्सिंगच्या तुलनेत किरकोळ. तुमच्या खाडीत असा एखादा ठळक सोर्स असेल तर आधी तेच करा. फक्त सांडपाण्याचाच संशय असेल तरी पूर्ण सिक्वेन्सिंग कशाला, माणसाच्या विष्ठेतल्या जिवाणूंचा एचएफ१८३ हा मार्कर (ओळखीचा डीएनए तुकडा) क्यूपीसीआरवर, म्हणजे ठराविक डीएनए किती आहे ते मोजणाऱ्या चाचणीवर बघा, आधी आपल्याच नाल्यावर आणि गुरांच्या शेणावर तपासून घेऊन.

जिवाणूच घ्यायचे ठरलं तर सोर्सचे आणि खाडीतले नमुने एकाच मोसमात घ्या, पावसाळ्यात कोकणातल्या खाड्यांचं पाणी इतकं गोडं होतं की मे महिन्यातली यादी ऑगस्टला चालत नाही. सोबत कणांचा आकार मोजा, आणि चुंबकीय किंवा मूलद्रव्यांचं असं एक न मरणारं माप ठेवाच. मोठा खर्च करण्याआधी दोन-तीन सोर्सचा चिखल माहीत असलेल्या प्रमाणात बादलीत मिसळा, खाडीचंच पाणी घालून काही दिवस ठेवा आणि मधेमधे नमुने काढत रहा. तुम्ही घातलेलं प्रमाण सॉफ्टवेअरला पहिल्याच दिवशी सापडलं नाही तर बोटीचं बुकिंग थांबवा आणि ते पैसे चकाकणाऱ्या रेतीला नाहीतर शिशाच्या कोअरला द्या.