डेनारियस घ्यावा की अँटोनिनियनस?

रोमन चांदीचं पहिलं नाणं घ्यायचं म्हटलं की गाडी बहुधा इथेच अडते: त्राजान-हेड्रियन या सम्राटांचा डेनारियस, की पुढच्या शतकातल्या तिसऱ्या गॉर्डियन किंवा फिलिप या सम्राटांचा अँटोनिनियनस? माझ्याकडे दोन्ही आहेत.

पाहताक्षणी आवडतो अँटोनिनियनस. नाणं मोठं, भरीव, आणि सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा काटेरी मुकुट. गॉर्डियन इ.स. 238 साली तेराव्या वर्षी गादीवर आला, आणि सुरुवातीच्या नाण्यांवरचा चेहरा खरंच पोरगेला आहे. 248 मध्ये फिलिपने रोमची हजार वर्षं साजरी केली तेव्हा सिंह, लांडगी, हरीण नाण्यांवर उमटले. त्याच्या राणीच्या नाण्यावर तर पाणघोडा आहे. त्या पाणघोड्याचा मोह मला अजून सुटलेला नाही. शिवाय खिशालाही हे नाणं सहसा हलकं जातं.

अडतं ते कसापाशी. सम्राट कॅराकल्लाने 215 मध्ये हे नाणं काढलं, ते दोन डेनारियसच्या भावाने, असं बहुतेक अभ्यासक मानतात. चांदी मात्र जेमतेम दीड डेनारियसची. पुढे सम्राट गॅलिएनसच्या कारकिर्दीच्या अखेरीस तर तांब्यावर नुसता मुलामा उरला. गॉर्डियनचं नाणं इतकं हिणकस नाही, पण तांबं त्यातही भरपूर, आणि मला तेच नडलं. ठाण्यात जुलैमध्ये कपाटातली पुस्तकंसुद्धा ओलसर लागतात. दुसऱ्या पावसाळ्यानंतर डबी उघडली, तर गॉर्डियनच्या कानामागे हिरवा ठिपका. साफ केला, नाणं सुकवलं, सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. पुढच्या श्रावणात ठिपका पुन्हा तिथेच, पितळेच्या भांड्याला कळंक चढावा तसा. दर आठवड्याला डबी उघडून बघायची धास्तीच लागली.

त्याच डबीतला त्राजान फक्त काळवंडला. त्या काळपट छटेने त्याचे कपाळावर विंचरलेले केस उलट जास्त उठून दिसतात. नीरोने 64 मध्ये डेनारियसचा कस उतरवला होता, तरी त्राजानच्या नाण्यात चांदीचाच वाटा मोठा. मागच्या बाजूलाही बघण्यासारखं पुष्कळ: त्राजानच्या काही नाण्यांवर हरलेला डेशियन (आजच्या रोमानियाकडचा) कैदी बसलेला आहे, हेड्रियनच्या एका नाण्यावर इजिप्त स्त्रीरूपात रेलून बसली आहे. उणं एकच, कडेची अक्षरं बऱ्याचदा कापली गेलेली असतात.

कोरड्या हवेच्या गावी राहणाऱ्याला गॉर्डियन कदाचित काहीच त्रास देणार नाही. मुंबई-कोकणाकडचं कुणी विचारलं, तर मी म्हणेन, थोडे जास्त पैसे जमवा आणि त्राजान घ्या. झिजलेला चालेल, फक्त नाक शाबूत आहे ना ते बघा.