पार्सल मिळालं म्हणजे फसवणूक नाही म्हणे! सेकंडहँड बेसमध्ये ८८,५०० गेले

ज्यांना ऑनलाइन सेकंडहँड बेस गिटार घ्यायचाय त्यांनी आधी हे वाचा, मग पैसे पाठवा. ॲडव्हान्स घेऊन गायब होणारे, खोक्यात विटा भरून पाठवणारे, हे प्रकार आपल्या सगळ्यांना माहितीयेत, मलाही माहीत होते. माझ्या बाबतीत माणूस गायब झाला नाही आणि खोकंही रिकामं आलं नाही. बेस आला, पण फोटोतला नाही, दुसराच. चार तारांचा, सनबर्स्ट रंगाचा, हेडस्टॉकवर (मानेच्या टोकाला) फेंडर कंपनीचा लोगो, आणि वाजतोसुद्धा. आणि तो आला म्हणूनच आज माझी तक्रार घ्यायला कोणी तयार नाहीये.

आकडे आधीच सांगून टाकतो कारण प्रत्येक जण तेच पहिलं विचारतो. ठरलेली किंमत ८५,०००. त्यातलं टोकन १५,०००, उरलेले ७०,००० माल पाठवायच्या आधी. वर पॅकिंग आणि ट्रान्झिट इन्शुरन्सचे म्हणून ३,५००. एकूण ८८,५००. इन्शुरन्स काढलाच नव्हता हे नंतर कळलं, कुरियरच्या पावतीवर मालाची किंमत त्याने ५,००० लिहिलीये. ती पावती पाहिली तेव्हा माझं डोकं सणकलं, कारण त्याला स्वतःलाच माहीत होतं आपण काय पाठवतोय ते.

आता "न बघता एवढे पैसे कसे पाठवले" हे विचारणाऱ्यांसाठी. एक तर किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती. २००५ चा फेंडरचा अमेरिकन सिरीज जॅझ बेस ३०,००० ला कोणी देत असता तर मी दारातसुद्धा उभं केलं नसतं. आणि हा माणूस आपल्यातला, बेस वाजवणारा वाटत होता. बाराव्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या पट्टीला) ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, किती आहे ते मिलिमीटरमध्ये सांगत होता, फ्लॅटवाउंड तारा लावल्या तर नेकला (मानेला) किती रिलीफ, म्हणजे बाक, ठेवायचा यावर बोलत होता, गिगला ॲम्प नेण्यापेक्षा बेस थेट मिक्सरला जोडणारा चांगला डीआय बॉक्स न्यावा म्हणत होता. मला रेकॉर्डिंगचं काम मिळालं होतं, माझ्या जुन्या बेसचा नेक पिळलेला, वरच्या फ्रेटवर सूर बरोबर लागत नाही, आणि इंजिनिअरला पॅसिव्ह (बॅटरीशिवायच्या) जॅझ बेसचाच आवाज हवा होता. घाई होती, आणि घाई आहे हे मीच त्याला सांगितलं होतं. विकणाऱ्याला आपली तारीख कधी सांगू नका. ती कळली की त्या क्षणापासून "दादा अजून दोघं मागे लागलेत" सुरू होतं.

मी चौकशी केली नाही असं कोणी म्हणू नये. सिरीयल नंबर मागितला, झेड५ ने सुरू होणारा, म्हणजे २००५ चा, वर्ष बरोबर जुळलं. पण सिरीयल नंबरवरून फक्त तसा नंबर असतो एवढंच कळतं, तो नंबर ह्याच बेसचा आहे हे कुठून कळणार? कोणाच्याही खऱ्या बेसच्या फोटोवरून नंबर उचलता येतो आणि ह्याने तेच केलं. फोटोही खऱ्या बेसचे होते. पुढून, मागून, हेडस्टॉक, ब्रिज, सगळे स्वच्छ. मी एस-१ स्विचबद्दलही विचारलं होतं. २००३ नंतरच्या त्या सिरीजमध्ये व्हॉल्यूमच्या नॉबमध्ये दाबायचं बटण असतं, त्याने दोन्ही पिकअप (तारांखालचे, आवाज पकडणारे भाग) एकापाठोपाठ एक जोडले जातात. ह्याच्या व्हिडिओत साधा नॉब दिसत होता. तर म्हणे आधीच्या मालकाने पॉट (नॉबखालचा, आवाज कमीजास्त करणारा भाग) बदललं, खरखर यायची म्हणून. असं खरंच करतात लोक, म्हणून मला पटलं.

आणि आता तो व्हिडिओ. त्याचा विचार आला की अजून झोप उडते.

जॅझ बेसवाल्यांना हे माहीतच असतं. दोन सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचे) पिकअप, एक दुसऱ्याच्या उलट गुंडाळलेला आणि चुंबकही उलटा, त्यामुळे एकच पिकअप उघडला की घुं घुं हम येतो आणि दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की तो जवळजवळ नाहीसा होतो. त्या व्हिडिओत तो आधी नुसत्या ब्रिज पिकअपवर वाजवतो, हम येतो, ठीक. मग दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण वर करतो आणि मध्ये दोन सेकंद थांबतो. हम तसाच! मी हेडफोन लावून ऐकत होतो, मला तो ऐकू आला, मी त्याला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "दादा, ह्या जुन्या घराचं अर्थिंग खराब आहे, सगळीच गिटारं बोंबलतात इथे." आणि अर्थिंगचा आवाज तारांना हात लावला की बदलतो, बहुतेक वेळा कमीच होतो, हेही मला माहीत होतं. त्याचा हात तर तारांवरच होता! इतकी वर्षं वाजवून, स्टेजवर दर वेळी हाच हम शोधत फिरून, दोन सेकंदांचा तो आवाज कानात असताना मी बँकेचं ॲप उघडलं. माझी खात्री आहे की दुसरं कोणीही असतं तरी पाठवले असते, कारण त्याआधी त्याने तासभर डोकं खाऊन विश्वास बसवला होता. पण तो आवाज सगळं सांगत होता. तुम्ही तरी ऐका. व्हिडिओ मागा, प्रोसेसिंग न केलेला आवाज मागा, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडून हात तारांवर ठेवायला सांगा. हम गेला नाही तर कारण काहीही सांगू दे, ते पिकअप मूळचे नाहीत किंवा वायरिंगमध्ये कोणीतरी घोळ घातलाय.

व्हिडिओत त्याने बेसची पाठ एकदाही दाखवली नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं. फोटोतल्या बेसला मागे तारा ओवायची चार भोकं होती, त्या सिरीजला ती असतातच. माझ्या घरी खोकं उघडून मी बेस पालथा केला तर पाठ सपाट. भोकं नाहीत. तिथेच कळलं. मग फोटो आणि व्हिडिओ शेजारी लावून बघितले, तर टॉर्टॉइज पिकगार्डवरचे (पुढच्या कासवरंगी प्लेटवरचे) लाल-तपकिरी डागही वेगळे. हे डाग माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे असतात, दोन पिकगार्डवर सारखे येत नाहीत. एवढी एक गोष्ट पैसे पाठवायच्या आधी तपासा, पाच मिनिटं लागतात.

रिपेअरवाल्याकडे नेला, त्याने १,२०० घेतले, ते मी वरच्या हिशोबात धरले नाहीत. कंट्रोल प्लेट उघडली, आत छोटी पॉट्स, स्वस्त गिटारमध्ये असतात ती. पिकअपखाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली. जॅझला नेककडचा पिकअप ब्रिजकडच्यापेक्षा थोडा आखूड असतो, इथे दोन्ही एकाच मापाचे आणि एकाच बाजूने गुंडाळलेले, म्हणून तो हम. बॉडीच्या खोबणीत प्लायवुडचे थर दिसतात. नेक काढला तर टाचेवर पॉलिश पेपर मारलेला, शिक्का वगैरे काही नाही. लोगो म्हणजे स्टिकर आणि वरून पातळ लॅकर, नख फिरवलं की कड लागते. त्याच्या मते हा माल १०,००० च्या वर कोणी घेणार नाही.

विकणाऱ्या माणसाला फोन केला. पहिल्या दिवशी "कुरियरवाल्यांनी बदलला असेल", मग "तुम्हीच बदलला असेल", मग ब्लॉक. ब्लॉक करायच्या आधी त्याने त्याच्या बाजूचे सगळे मेसेज डिलीट केले. स्क्रीनशॉट मी आधी काढले होते म्हणून वाचले, तुम्ही रोजच्या रोज काढा, भांडण सुरू झाल्यावर नाही.

आणि आता पोलीस. मला वाटलं होतं पुरावा इतका आहे की लगेच लिहून घेतील. आधी तासन्‌तास बाकावर बसवलं, मग जो आला त्याने विचारलं, "गिटार मिळालं ना?" मी म्हटलं मिळालं पण हे ते नाही. "वाजतं का?" वाजतं. "मग फसवणूक कुठे झाली, हा तर खरेदीविक्रीचा वाद, कोर्टात जा." मी फोटो दाखवले, पिकगार्ड दाखवलं, पाठ दाखवली, रिपेअरवाल्याचं लिहून आणलेलं दाखवलं, तर म्हणे हा कोण तज्ज्ञ, ह्याचं सर्टिफिकेट कुठल्या सरकारी लॅबचं आहे. अहो, बेस गिटारची सरकारी लॅब कुठून आणू मी! मग सांगितलं सायबरकडे जा, सायबरवाले म्हणाले ओटीपी गेला नाही, लिंक उघडली नाही, पैसे तुम्हीच तुमच्या हाताने पाठवले, हे आमच्यात बसत नाही, विकणारा राहतो तिथल्या ठाण्यात जा. तिथे फोन लावला तर तक्रार तुमच्याकडेच नोंदवा म्हणाले. बँकेचं एकच वाक्य, व्यवहार तुमच्या पिनने झाला. ज्या ॲपवर जाहिरात होती त्यांनी तयार उत्तर पाठवलं की पैशाचा व्यवहार ॲपच्या बाहेर झाल्यामुळे आम्ही जबाबदार नाही, आणि जाहिरात मात्र त्यानंतरही बरेच दिवस तशीच झळकत होती, मी रोज रिपोर्ट करत होतो. कुरियर म्हणतं सील शाबूत होतं. म्हणजे प्रत्येकाने आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर वागून ८८,५०० त्या माणसाच्या खिशात राहू दिले. पोलिसांकडे त्याचा खाते क्रमांक आहे, फोन नंबर आहे, नाव आहे, सगळं मी फाइल करून दिलंय, एक फोन करायचाय फक्त, तो कोणी करत नाही. आणि त्या माणसाला हे पक्कं माहीत आहे. रिकामं खोकं पाठवलं तर गुन्हा होतो, खोटा बेस पाठवला तर "वाद" होतो, म्हणून तो काहीतरी पाठवतोच. दहा हजारांचा बेस हा त्याचा खर्च आहे, त्यात त्याला पोलिसांपासून संरक्षण मिळतं.

म्हणून तक्रारीत "बनावट", "क्वालिटी खराब" असले शब्द लिहू नका. "दाखवली ती वस्तू पाठवली नाही, दुसरीच पाठवली" असं लिहा आणि दोन वस्तूंमधले फरक फोटोसकट नंबर घालून द्या. माझा दुसरा अर्ज असा लिहिला तेव्हा निदान त्यावर पोच मिळाली. खोकं उघडताना सुरुवातीपासून सलग व्हिडिओ काढा, लेबल दिसलं पाहिजे, आणि लगेच बेस पालथा करा. पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासात बँकेला कळवा, मी आधी त्याच्याशी बोलत बसलो, समजूतदारपणाने मिटेल वाटलं, तेवढ्यात त्याने खातं रिकामं केलं. शक्य असेल तर त्याच्या गावातला कोणी वाजवणारा शोधा आणि बघायला पाठवा, बेसवाले एकमेकांना एवढी मदत करतात. आणि "तुमचे पैसे परत काढून देतो" म्हणून मेसेज करणाऱ्यांना उत्तरसुद्धा देऊ नका, मी हे दोन ठिकाणी सांगितल्यावर लगेच एक आला, फी ६,००० आधी. त्याला एक पैसा दिला नाही.

तेच फोटो आता वेगळ्या नावाने परत फिरतायत, ह्या वेळी किंमत ७८,००० आणि "भावाला परदेशी जायचंय म्हणून विकतोय" अशी गोष्ट. खुणा लिहून ठेवा: थ्री-टोन सनबर्स्ट, रोझवुड फिंगरबोर्ड, बॉडीच्या खालच्या शिंगाच्या (पुढे आलेल्या भागाच्या) टोकाला नखाएवढा रंग उडालेला, पिकगार्डवर नेक पिकअपच्या खाली एक मोठा लाल डाग. हा बेस कोणी विकायला काढलेला दिसला तर लाइव्ह कॉलवर पाठ दाखवायला सांगा आणि तो काय कारण देतो त्याचा स्क्रीनशॉट मला पाठवा, माझ्या अर्जाला जोडायचाय.