सीहाउसेसहून इनर फार्न: बोटीची फेरी आणि बेटावरचे रेंजर

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, नॉर्थम्बरलंडमध्ये सीहाउसेस नावाचे छोटे बंदर आहे. तेथून फार्न बेटांकडे बोटी सुटतात. जूनच्या मध्यावर आम्ही सहकुटुंब इनर फार्न बेटावर उतरण्याची सोय असलेली फेरी घेतली. आम्ही गेलो होतो पक्षी पाहायला, परंतु परतताना बोलणे चालले होते ते तेथल्या रेंजरांबद्दल, म्हणजे बेटाची आणि पक्ष्यांची राखण करणाऱ्या कर्मचाऱ्यांबद्दल. म्हणून या परीक्षणात बोटीपेक्षा त्यांच्या कामाविषयी अधिक लिहीत आहे.

आधी तक्रार सांगतो. बोटीचे भाडे आणि बेटावर उतरण्याचे शुल्क वेगवेगळे असते. बेटे नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या ताब्यात असल्याने त्यांच्या सदस्यांना उतरण्याचे शुल्क पडत नाही, इतरांना ते भरावे लागते. आम्ही ज्या बोटवाल्यांकडे आरक्षण केले, त्यांनी हे आधी स्पष्ट सांगितले नाही आणि ऐनवेळी धक्क्यावर खोळंबा झाला. शिवाय बेटावर मिळालेला तासाभराचा वेळ फारच अपुरा वाटला.

बेटावर पाऊल ठेवताच तेथल्या रेंजर बाईंनी सर्वांना टोप्या घालायला लावल्या. कारण दहा पावलांतच कळले. आर्क्टिक सुरय, म्हणजे आपण भीमेच्या पात्रावर पाहतो त्या नदी सुरयाचा उत्तरेकडचा भाऊबंद, लाकडी पायवाटेच्या अगदी कडेला जमिनीवरच अंडी घालतो आणि जवळ येणाऱ्याच्या डोक्यावर थेट चोच मारतो. माझ्या टोपीवर तीनदा टोले बसले. एका वळणावर राखाडी ठिपक्यांचे, मुठीएवढे पिल्लू फळीवर येऊन बसले होते. रेंजर बाईंनी दोन्ही हात पसरून आमची सगळी रांग थांबवली आणि ते पिल्लू आपणहून गवतात उतरेपर्यंत कोणालाही पुढे जाऊ दिले नाही. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला त्यांनी खाली वाकून अंडी दाखवली आणि इथे चालताना आकाशाकडे पाहण्याआधी पायाखाली पाहायचे असते, हे सांगितले.

हे काम वर्षाच्या चक्राने चालते. रेंजर मार्चमध्ये बेटावर राहायला येतात आणि डिसेंबरमध्ये परततात. त्यांचा मुक्काम इ. स. १५०० च्या सुमारास बांधलेल्या दगडी बुरुजात असतो आणि तेथे नळाचे पाणी नाही. सुरय येण्यापूर्वी पायवाटांची डागडुजी आणि वाढलेल्या झाडोऱ्याची छाटणी उरकावी लागते, कारण सुरयांना घरट्यासाठी मोकळी, आखूड गवताची जागा लागते. मे ते जुलै हा खरा धावपळीचा काळ. मोठे कुरव अंडी आणि पिल्ले पळवतात, आणि माणसाचा नित्य वावर असला की ते जरा दूर राहतात. बेटावर मुक्कामी राहण्याचा हाही एक उद्देश आहे, हे मला तेथे गेल्यावरच समजले.

मला सर्वांत विलक्षण वाटली ती पफिन या रंगीत चोचीच्या समुद्रपक्ष्यांची गणती. पफिन जमिनीत बीळ करून एकच अंडे घालतो, त्यामुळे बाहेर दिसणारे पक्षी मोजून जोड्यांचा हिशेब लागत नाही. रेंजर पालथे पडून खांद्यापर्यंत हात बिळात घालतात आणि बीळ वसलेले आहे की रिकामे, हे स्पर्शाने ठरवतात. आत पक्षी असला तर तो कडकडून चावतो. या बेटांवर पफिनांच्या ४० हजारांहून अधिक जोड्या असल्याचे जे आपण वाचतो, त्यामागे असे कष्ट आहेत. ऑगस्टपर्यंत सुरय अंटार्क्टिकाच्या दिशेने निघून जातात. मग शरद ऋतूत राखाडी सीलांची पिल्ले जन्मतात आणि एकाच पिल्लाची दोनदा नोंद होऊ नये म्हणून त्यांच्या अंगावर निरुपद्रवी रंगाची खूण करण्याची येथे जुनी पद्धत होती.

२०२२ मध्ये बर्ड फ्लूने येथे थैमान घातले, तेव्हा याच मंडळींनी संरक्षक पोशाख घालून सहा हजारांहून अधिक मृत पक्षी उचलले. ज्यांची घरटी मोजायची त्यांचीच कलेवरे गोळा करण्याची वेळ त्यांच्यावर आली. पर्यटकांना बेटावर उतरू देणे बंद झाले आणि इनर फार्न पुन्हा खुले झाले ते मार्च २०२४ मध्ये. सातव्या शतकात येथे एकांतवासात राहिलेल्या संत कथबर्ट यांनी आयडर बदकांना अभय दिले, अशी परंपरा सांगितली जाते, आणि बेटावरचे लहानसे प्रार्थनागृह त्यांच्याच स्मरणार्थ आहे. मला मात्र ते अभय आजच्या रेंजरांच्या मळक्या बुटांत आणि नोंदवहीत अधिक जवळून दिसले.

उतरण्याचे शुल्क या कामाला हातभार लावते आणि ते मी आनंदाने पुन्हा भरेन. बोटवाल्यांची सेवा मध्यम, बेटावरची सेवा उत्कृष्ट, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे. जाणाऱ्यांनी मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतचा काळ निवडावा, कारण जुलै संपेपर्यंत बहुतेक पफिन समुद्रावर गेलेले असतात. जाड कापडाची टोपी आणि जुने जाकीट न्यावे. वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून सकाळीच बंदरावर चौकशी करावी आणि दोन्ही शुल्कांची रक्कम आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावी.