चिकटवलेला दात: चौदा महिन्यांनंतर

माझ्या लेकीचा वरचा डावा, पटाशीच्या मोठ्या दाताशेजारचा दात आलाच नाही. दुधाचा पडला आणि जागा तशीच राहिली. "येईल गं, माझ्या भाच्याचाही उशिराच आला," असं सगळे म्हणत राहिले, आम्हीही दोन वर्षं थांबलो. शेवटी दहाव्या वर्षी ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एकच एक्स-रे, काढला. हाडात दात नव्हताच. अंकुरच धरला नव्हता. उजवीकडचा होता, पण निमुळता, तांदळाच्या दाण्यासारखा.

डेंटिस्टनी मग माझे दात पाहिले. माझाही उजवीकडचा तसाच बारीक आहे! इतकी वर्षं आरशात बघतेय, कधी मनातही आलं नव्हतं. एकाच घरात कुणाचा हा दात बारीक असतो, तर कुणाला तो मुळीच नसतो. "ग्रहणात काही चिरलं होतंस का?" असं मला दोघीतिघींनी विचारलं होतं. ते फार लागलं होतं. हे बहुतेक वेळा जनुकांमधून येतं, आईच्या चुकीतून नाही, हे ज्यांना असं ऐकावं लागलंय त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय.

तारा लावून जागा नीट करून घेतली. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला कायमचा दात, एवढ्यात नाही, कारण जबडा वाढतोय. इम्प्लांट हाडात जिथल्या तिथे राहतं, शेजारचे दात मात्र वाढीबरोबर खाली येतात, आणि तो एकटा आखूड दिसू लागतो. म्हणून अठरानंतरच, कदाचित आणखी उशिरा.

आधी काढघालीची प्लेट वापरली, त्यावरच एक दात बसवलेला. फोटोत छान दिसायचा. पण टाळू झाकली जाते, 'स' आणि 'श' बोलताना सुरुवातीला जीभ अडखळायची, आणि शाळेत डबा खाताना ती काढावी लागायची. लेक मग डबा तसाच परत आणू लागली. चौथ्या महिन्यात टिश्यूत गुंडाळलेली प्लेट एका लग्नात पत्रावळीबरोबर गेली.

त्यानंतर मेरीलँड ब्रिज केला. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठावरून हे नाव पडलंय. खोट्या दाताला मागून धातूचा पातळ पंख असतो, तो शेजारच्या दाताच्या पाठीला चिकटवतात. आमचा पंख सुळ्यामागे आहे. दात जवळजवळ घासला नाही, भुलीचं इंजेक्शनही लागलं नाही. दोन्ही बाजूंना पंख का नाहीत, असं मी विचारलं. दोन असले आणि एक सुटला, तर दुसऱ्यामुळे ब्रिज जागेवरच राहतो आणि सुटलेल्या पंखाखाली दात किडत राहतो. एकच असेल तर सुटल्याचं लगेच कळतं.

आणि तसंच झालं. सातव्या महिन्यात चिक्की समोरच्या दातांनी तोडताना ब्रिज हातात आला. लेक रडली, मीही घाबरले. तो डबीत घालून नेला, साफ करून तासाभरात परत चिकटवून मिळाला. त्यानंतर सुटलेला नाही. पेरू, ऊस, मक्याचं कणीस समोरून तोडायचं नाही, एवढं पथ्य आहे. पेरूच्या फोडी करून देते, तो तिचा आवडता.

स्वच्छतेला वेळ द्यावा लागतो. खोट्या दाताखाली साधा दोरा वरून जात नाही, ताठ टोकाचा फ्लॉस बाजूने ओवून घ्यावा लागतो. आठवडाभर टाळलं तर तिथली हिरडी लाल होऊन सुजते, हे एकदा पाहिलं.

उजवीकडचा दाणा कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाने, भरून शेजाऱ्याच्या मापाचा केला. त्याची कड आठेक महिन्यांत पिवळसर पडली, आमच्या घरचं हळदीचं जेवण! पॉलिश केल्यावर पुन्हा छान झाली. वर्षा-दीड वर्षात हे करावंच लागेल असं धरून चाला.

माझं मत विचाराल तर वाढत्या मुलांसाठी प्लेटपेक्षा हा ब्रिज कितीतरी बरा. लेक आता तोंडावर हात न धरता हसते. धाकटा नऊ वर्षांचा आहे. त्याचा डावीकडचा दात येऊन सहा महिने झाले, उजवीकडे अजून काही नाही. त्याच्या ओपीजीची वेळ पुढच्या सोमवारची घेतली आहे.